सोसायटीच्या डेड वॉलवर ८० फुटी चित्र: भिंतीची तयारी, रंग, झुला आणि करार

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या पश्चिम उपनगरातली सात मजली सोसायटी, इमारत २६ वर्षांची. रस्त्याच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड असलेली, एकही खिडकी नसलेली डेड वॉल आहे. उंची साधारण ८० फूट, रुंदी ३० फूट. बाहेरचे रंगकाम यंदा होणारच आहे, तर याच भिंतीवर मोठे चित्र काढून घ्यावे, असे सभासदांच्या मनात आहे. आधी काय तपासायचे, कोणता रंग किती लागेल, परांची बांधायची की झुला (गच्चीवरून दोरांनी खाली सोडलेला फलाट) लावायचा, चित्र किती वर्षे टिकेल आणि कागदपत्रे कोणती करायची?

सर्वात आधी एक गोष्ट पक्की धरा. अशा कामात चित्र हा शेवटचा टप्पा असतो. वेळ आणि पैसा यांचा मोठा वाटा गच्ची, प्लास्टर आणि भिंतीवर पोचण्याची सोय यांतच जातो, आणि तो तिथेच गेला पाहिजे. आपल्याकडे भित्तिचित्रे खराब होतात ती बहुतेक वेळा चित्रकारामुळे नव्हे. रंगाच्या मागून पाणी येते, पोपडे सुटतात आणि दोन पावसाळ्यांत चेहऱ्यावर खारट पांढरे डाग उमटतात. शिवाय तुमची भिंत पश्चिमेची आहे. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी झड तिच्यावरच आदळते आणि उरलेले आठ महिने दुपारचे ऊनही तिलाच लागते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे पुण्यातल्या उत्तरेकडच्या भिंतीवर जे चालते ते इथे चालेलच असे नाही.

आधी गच्चीवर जा

भिंतीची तपासणी वरून सुरू होते. कठड्याच्या माथ्यावरची कोपिंग, म्हणजे झाकणीचा थर, भिंतीच्या बाहेर किमान दोन इंच निघालेली आहे का आणि तिच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच आहे का, ते पाहा. खाच नसेल तर गच्चीवरची धूळ पावसाबरोबर थेट भिंतीवर ओघळते आणि चित्रावर काळे उभे पट्टे पडतात. हे पट्टे रंगाच्या दर्जामुळे पडत नाहीत, म्हणून महागडा रंग घेऊनही थांबत नाहीत. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार, फुटला असेल, पावसाळी पाण्याच्या पाइपाचे तोंड सैल असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. डेड वॉलच्या आतल्या बाजूला बाथरूम किंवा स्वयंपाकघर असलेल्या घरांची यादी करा आणि प्रत्येक घरात आतून ओल आहे का, ते बघा. आतून झिरपणारे पाणी बाहेरच्या रंगाने अडत नाही. ते रंगाला मागून ढकलते.

मग भिंत ठोकून बघायची. लाकडी दांडा किंवा छोटी हातोडी घेऊन, झुल्यावरून, दर फूट-दीड फुटावर. भरीव प्लास्टर टणक वाजते, सुटलेले प्लास्टर पोकळ वाजते. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारून प्रत्येक पट्ट्याचा फोटो काढा. खालून दुर्बिणीने पाहून दिलेला अंदाज स्वीकारू नका. पोकळ भाग एकूण क्षेत्राच्या पावाहून जास्त निघाला, तर ठिगळे लावण्यापेक्षा पूर्ण भिंतीचे प्लास्टर काढून नवे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिगळाच्या कडा कितीही सफाईने जुळवल्या तरी तिरप्या उन्हात उठून दिसतात, आणि पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळी तिरपेच ऊन असते.

इमारत २६ वर्षांची आहे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. तो अहवाल ताजा नसेल तर आधी करून घ्या. ३० वर्षे पूर्ण झाल्यावर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ऑडिटचा प्रश्न असाही येणारच आहे. चित्र पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी अभियंता कॉलम फोडायला सांगतो, अशी वेळ येऊ देऊ नका.

तडे सगळे सारखे नसतात. केसासारखे बारीक तडे चांगल्या प्रतीच्या लवचीक रंगाखाली झाकले जातात. एक ते तीन मिलिमीटरचे तडे व्ही आकारात खोलून, साफ करून, क्रॅक फिलरने भरावे लागतात. बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर जो सरळ, लांब तडा दिसतो, तो मात्र नुसता भरून भागत नाही. काँक्रीट आणि वीट उन्हाने वेगवेगळी प्रसरण पावतात, त्यामुळे तो पुन्हा उघडतो. तिथले प्लास्टर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच काढून, सांध्यावर जाळी ठोकून नव्याने करावे. काँक्रीट फुगून सळई दिसत असेल, तर सळईच्या मागेपर्यंत खोदून गंज घासून काढा, झिंकयुक्त प्रायमर लावा आणि पॉलिमर मॉर्टर थराथराने भरा. गंजलेल्या सळईवर सरळ सिमेंट थापले की तो भाग पुन्हा फुगतो आणि चित्रासकट खाली येतो. खाली रस्ता आहे हे लक्षात ठेवा.

पिंपळाच्या रोपांकडे बहुतेक कंत्राटदार दुर्लक्ष करतात. वरून छाटलेले रोप पुढच्या पावसात दुप्पट जोमाने येते. मूळ जिथवर गेले आहे तिथवर प्लास्टर उघडून ते मुळासकट काढावे लागते, कापलेल्या टोकाला तणनाशक लावावे लागते आणि मगच खाच भरायची. पाइपाच्या क्लॅम्पमागे आणि छज्जाच्या कोपऱ्यात ही रोपे हमखास सापडतात.

धुणे, लोणा आणि वाळवण

शेवाळ असलेली भिंत पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन, शेवाळनाशक लावून, पुन्हा धुवावी. फवाऱ्याचे तोंड भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. जवळ नेले की सँडफेस, म्हणजे वाळूच्या खरबरीत पोताच्या, प्लास्टरची वाळू सुटते. जिथे लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार, आला आहे तिथे मात्र पाणी मारू नका. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा आत जातात आणि वाळताना परत बाहेर येतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा आणि पाणी कुठून येते ते शोधायचे. एक धोका इथे ठळकपणे सांगायला हवा. काही ठिकाणी मजूर लोण्यासाठी अ‍ॅसिड आणि शेवाळासाठी ब्लीच एकाच दिवशी, एकाच बादलीतून वापरतात. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि झुल्यावरच्या माणसाला पळायला जागा नसते. ही दोन रसायने एका दिवशी साइटवरच येऊ देऊ नका.

नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावे आणि एकूण २८ दिवस होईपर्यंत रंग लावू नये. ताज्या सिमेंटचा अल्कली गुणधर्म रंगातला बाइंडर (रंग धरून ठेवणारा घटक) आणि काही रंगद्रव्ये खातो. २८ दिवस झाले म्हणजे भिंत वाळलीच असेही नाही. साधी चाचणी अशी: दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि किमान १६ तासांनी उघडा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला तर अजून थांबा. तळाला, मध्ये आणि वर, अशा किमान तीन ठिकाणी ही चाचणी करा. जमिनीतून वर चढणारी ओल फक्त तळाशीच सापडते.

जुना रंग ठेवायचा असेल तर काळे फडके त्यावर घासा. पांढरी भुकटी आली तर तो रंग खडूसारखा झाला आहे, तो घासून काढल्याशिवाय वर काहीच धरणार नाही. मग ब्लेडने एक्स आकाराची चीर द्या, चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर नवा रंगही त्याच्याबरोबरच जाणार.

पुट्टीने भिंत गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. बारीक काम सोपे जाते हे खरे, पण ८० फुटी सँडफेसवर जाड पुट्टी हा आणखी एक सुटू शकणारा थर असतो. खरबरीत पोत रंग जास्त पितो, तरी ओघळांचे डाग आणि ब्रशचे पट्टे तोच झाकतो. रस्त्यावरून त्या पोताने चित्राचे काहीही बिघडत नाही.

पाइपांच्या भोवतीच्या फटी सिलिकॉनने भरू देऊ नका. सिलिकॉनवर रंग बसतच नाही, काही आठवड्यांत पारदर्शक रेघा उघड्या पडतात. रंग धरणारा अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट मागा.

रंग कोणता आणि किती

अल्कली सहन करणारा बाहेरचा प्रायमर आणि त्यावर उत्तम प्रतीचा शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक बाहेरचा इमल्शन, हाच आपल्या हवेत भरवशाचा पर्याय. आतल्या भिंतींचा रंग, पोस्टर कलर किंवा ऑइल पेंट इथे नको. ऑइल पेंटमधून वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे फोड येतात. १८७८ मध्ये केइम यांनी जर्मनीत पेटंट घेतलेला सिलिकेट रंग प्लास्टरशी रासायनिक रीतीने जोडला जातो आणि फार टिकतो. पण त्याला खनिज पृष्ठभाग लागतो, जुन्या अ‍ॅक्रिलिकवर तो बसत नाही. पूर्ण नवे प्लास्टर करणार असाल आणि बजेट असेल तरच त्याचा विचार करा.

तुमच्या भिंतीचे क्षेत्र २,४०० चौरस फूट. सँडफेसच्या खरबरीतपणामुळे हिशेब ३,००० धरून करा. प्रायमरचा एक हात ४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन ड्रम. त्यावर तळाच्या रंगाचे दोन हात, साधारण ६० ते ७० लिटर. चित्राचे रंग आणखी ६० ते ७० लिटर, वीस-पंचवीस छटांमध्ये विभागलेले. यात आकाश किंवा पार्श्वभूमीच्या दोन-तीन छटाच निम्मा रंग खातात, बाकीच्या एक ते चार लिटरच्या डब्यांत भागतात. पार्श्वभूमीचा रंग एकाच वेळी, एकाच बॅच नंबरचा घ्या आणि सगळे डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मग वापरा. दोन वेगळ्या दिवशी मशीनवर मिसळलेल्या त्याच कोडच्या रंगात फरक येतो आणि ३० फूट सलग निळ्यावर तो जोड लांबून ओळखू येतो. डब्यावरच्या माहितीपेक्षा जास्त पाणी घालू नका. झुल्यावरचे कामगार रंग लवकर पसरावा म्हणून पाणी वाढवतात, आणि त्याची किंमत दोन वर्षांनी कळते.

आता रंगद्रव्ये. चित्राचे आयुष्य इथे ठरते आणि चित्रकारांनाही याची माहिती कमी असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणारे गेरू, पिवळी माती, तपकिरी आणि काळा हे रंग उन्हात आणि सिमेंटवर उत्तम टिकतात. थॅलो निळा आणि थॅलो हिरवाही टिकाऊ. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड टिकतो. लवकर उडतात ते झगझगीत पिवळे, नारिंगी, गुलाबी आणि काही जांभळे. यांतली बरीचशी सेंद्रिय रंगद्रव्ये आहेत आणि पांढऱ्यात मिसळून फिकी केली की आणखी लवकर उडतात. म्हणजे भडक लाल एकवेळ टिकेल, त्याच लालाची गुलाबी छटा आधी जाईल. प्रशियन निळा सिमेंटच्या अल्कलीपुढे टिकत नाही. फ्लोरोसंट रंग बाहेर वापरूच नयेत, काही महिन्यांत ते मळकट पांढरे दिसतात. दुकानात छटा ठरवताना ‘ही छटा बाहेरच्या वापरासाठी आहे का’ असे लेखी विचारा. कंपन्यांच्या शेड कार्डांवर काही छटा फक्त आतल्या वापराच्या असतात.

पश्चिमेच्या भिंतीवर काळ्या किंवा गर्द निळ्या रंगाचे फार मोठे क्षेत्र नको. गर्द रंग दुपारी प्रचंड तापतो, पहिल्या सरीने एकदम थंड होतो, आणि त्या ताणाने खालच्या प्लास्टरला बारीक तडे जातात. गर्द रंगांची आणखी एक तक्रार नेहमी येते: रंग लावून दोनच दिवस झालेत, रात्री दव किंवा अवकाळी सर पडली, आणि सकाळी चकचकीत, चिकट ओघळ दिसतात. रंग खराब निघाला असे सगळ्यांना वाटते. खरे तर रंग पूर्ण वाळण्याआधी त्यातली पाण्यात विरघळणारी द्रव्ये बाहेर येतात. साध्या पाण्याने लवकर धुतले की ओघळ बहुतेक निघून जातात. त्यावर घाईने दुसरा हात मारू नका.

वरून पारदर्शक कोट लावायचा का, हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर: संपूर्ण भिंतीला नको. तो ओल अडकवतो, काही वर्षांत दुधाळ होतो आणि नंतरची डागडुजी अवघड करतो. फक्त खालच्या आठ फुटांना, जिथे हात लागतात, पोस्टर चिकटतात आणि पानाच्या पिचकाऱ्या पडतात, तिथे धुता येणारा कोट द्या. तो भाग चित्रात गर्द, सलग पट्टा म्हणून ठेवला तर दरवर्षी नुसता पुन्हा रंगवताही येतो.

परांची, झुला की बूम लिफ्ट

डेड वॉलवर बांबूच्या परांचीची एक खास अडचण आहे. एरवी परांची खिडक्यांतून आडवे बांबू घालून बांधतात. इथे खिडक्याच नाहीत, म्हणून भिंतीत भोके पाडून आधार घ्यावा लागतो. परांची उतरवताना ती भोके बुजवायची आणि तेवढे चित्र तिथेच जुळवायचे, म्हणजे चित्रकाराला परांचीबरोबर वरून खाली यावे लागते. दुसरे असे की बांबूंच्या जाळीमागे चित्र एकसंध कधी दिसतच नाही, आणि फळ्यांच्या प्रत्येक पातळीवर रंगाचा आडवा पट्टा पडतो. परांची दुरुस्तीसाठी वापरा, चित्रासाठी शक्यतो नको. वापरलीत तर भारतीय मानक आयएस ३६९६ प्रमाणे बांधलेली आणि बाहेरून जाळी लावलेली हवी.

बूम लिफ्ट, म्हणजे लांब हाताच्या टोकाला पिंजरा असलेली गाडी, चित्रकाराला सर्वात आवडते, कारण मागे सरून पाहता येते. पण ८० फुटांवर पोचणारी बूम लिफ्ट १५ ते १८ टनांची असते. तुमच्या कंपाउंडखाली पाण्याची भूमिगत टाकी आहे का, ड्रेनेजचे चेंबर कुठे आहेत, हे नकाशावर पाहिल्याशिवाय तिला आत घेऊ नका. टाकीचा स्लॅब एवढ्या भारासाठी बांधलेला नसतो. रस्त्यावर उभी करायची तर वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलिसांची परवानगी लागते, आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचे अंतर आधी मोजावे लागते. बहुतेक बूम लिफ्ट १२.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंतच चालवायच्या असतात.

तुमच्या परिस्थितीत विजेवर चालणारा झुलाच योग्य. बाजारात सहज मिळणारा झेडएलपी ६३० प्रकार माणसे आणि सामान मिळून ६३० किलो पेलतो, फलाट अडीच मीटरच्या तुकड्यांत साडेसात मीटरपर्यंत जोडता येतो आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेला की काम थांबवायचे असते. मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, म्हणून वेळापत्रक सकाळचेच धरा. दुपारी पश्चिमेची भिंत तापते. तेव्हा रंग ब्रशवरच वाळतो, कडा जुळत नाहीत.

झुल्याचा भार गच्चीवर येतो हे सभासदांना समजावून सांगा. झुल्याला मागून तोलणारी एकट्या प्रतिभाराची वजने एक टनाच्या आसपास असतात, आणि फलाट, माणसे, सामान धरून दोन टनांहून जास्त वजन गच्चीच्या कडेला दोन ठिकाणी एकवटते. पुढचा आधार कठड्यावर टेकवू देऊ नका. तो स्लॅबवर, बीमच्या रेषेत, लाकडी फळ्या टाकून ठेवला पाहिजे, आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून दाखवलेली हवी. वॉटरप्रूफिंगवर फळ्यांखाली जाड रबर टाका. प्रत्येक माणसाचा सुरक्षादोर झुल्याला न बांधता स्वतंत्र, गच्चीवरच्या लिफ्ट रूमच्या कॉलमसारख्या भक्कम जागेला बांधलेला असावा. पाण्याच्या टाकीचा पाइप किंवा अँटेनाचा खांब ही बांधायची जागा नव्हे. कमरेचा पट्टा चालत नाही, आयएस ३५२१ चा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. दोराला कठड्याच्या धारेवर घासू देऊ नका, तिथे रबरी पाइपाचा तुकडा चढवा.

३० फूट म्हणजे ९.१ मीटर, त्यामुळे असा एक झुला तुमची भिंत एका जागेवरून पूर्ण झाकत नाही. पाच मीटरचा फलाट दोन जागी लावावा, आधी डावा भाग वरून खाली, मग उजवा. जोड चित्रातल्याच एखाद्या रेषेवर, झाडाच्या खोडावर, पदराच्या काठावर येईल अशी आखणी चित्रकाराकडून आधीच करून घ्या. सलग आकाशाच्या मधोमध जोड आला तर तो लपत नाही.

झुल्यावरून चित्रकाराला आपण काय काढतोय ते दिसत नाही, तो भिंतीपासून हातभर अंतरावर असतो. म्हणून समोरच्या फुटपाथवर एक जाणकार माणूस दिवसभर हवा. फोनवर फोटो पाठवणे आणि ‘डावी भुवई चार बोटे खाली’ असे सांगणे, एवढेच त्याचे काम. हा पगार वाचवू नका.

चित्र भिंतीवर कसे चढते

मूळ चित्र १:५० प्रमाणात छापून घ्या. तुमची भिंत ए-२ कागदावर मावते आणि भिंतीवरचा एक मीटर म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर. मधोमध वरून ओळंबा सोडून उभी रेघ आणि पाण्याच्या पातळीने आडवी रेघ पक्की करा, मग लाइनदोरीने मीटर-मीटरचे चौकोन. इमारतीच्या कडेवर विश्वास ठेवून मोजू नका, जुन्या इमारतींच्या कडा सात मजल्यांत बऱ्याच सरकलेल्या असतात. हल्ली बरेच चित्रकार चौकोनांऐवजी भिंतभर वेगवेगळ्या खुणा, अक्षरे, आकडे काढतात, त्याचा फोटो घेतात आणि फोनवर त्या फोटोवर चित्र ठेवून खुणांच्या आधाराने रेखाटतात. मोठ्या भिंतीवर ही पद्धत झपाट्याने होते. मात्र खुणा हलक्या रंगात काढा, नाहीतर पिवळ्याखालून दिसत राहतात. प्रोजेक्टर फक्त रात्री आणि समोर मोकळी जागा असेल तरच. ३० फूट रुंद प्रतिमेसाठी सामान्य प्रोजेक्टर ४५ फुटांच्या आसपास मागे लागतो, आणि खालून वर मारलेली प्रतिमा वर फाकते.

फिलाडेल्फियात १९८४ पासून चालणाऱ्या भित्तिचित्र उपक्रमात न विणलेल्या पातळ कापडावर खाली बसून रंगवून ते भिंतीवर चिकटवण्याची पद्धत खूप वापरतात. मुलांना, ज्येष्ठांना सहभागी करायला ती छान आहे. पण पश्चिमेच्या सँडफेस भिंतीवर, आपल्या पावसात, मी ती सुचवणार नाही. मुलांचा सहभाग हवा असेल तर आतल्या कंपाउंड वॉलवर घ्या.

आराखडा पाहताना रस्त्यावरून तपासा, कमिटीच्या टेबलावर नव्हे. ३० मीटरवरून सामान्य डोळ्याला नऊ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. मुद्दाम दिसायला हवी ती रेघ तीन-चार सेंटिमीटरपेक्षा बारीक नको. वरचा भाग खालून आखूड दिसतो, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याजवळून पाहणाऱ्याला उंचावरच्या चेहऱ्याचे कपाळ दबलेले वाटते. थोडे उभे ताणून हे सुधारता येते, पण लांबून पाहणाऱ्याला मग तो चेहरा लांबट दिसतो. लोक बहुतेक कुठून पाहणार, सिग्नलवरून की बसस्टॉपवरून, ते आधी ठरवा. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएल इमारतीवर चित्रकार रणजित दहिया यांनी रंगवलेले दादासाहेब फाळके पाहा. ते लांबून, धावत्या गाडीतून पाहायचे आहेत आणि त्याच अंतरासाठी मोठे, सोपे ठेवले आहेत.

ठराव, परवानग्या आणि करार

चर्चगेटची महात्मा गांधींची भिंत पश्चिम रेल्वेची, दिल्लीतल्या लोधी कॉलनीच्या भिंती सरकारी. तिथे मालक एकच. तुमच्याकडे प्रत्येक सभासद मालक आहे, म्हणून सर्वसाधारण सभेचा स्पष्ट ठराव हवा: कोणती भिंत, मंजूर आराखड्याची प्रत, खर्च कोणत्या निधीतून, देखभाल कोणाची आणि किती वर्षे. सिंकिंग फंड चित्रासाठी वापरू नका, तो मोठ्या दुरुस्त्यांसाठी असतो. दुरुस्ती आणि चित्र यांची अंदाजपत्रके वेगळी ठेवली की हिशेब तपासनीसाचे प्रश्न येत नाहीत.

रंगाची कंपनी किंवा बिल्डर प्रायोजक म्हणून आला आणि चित्रात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत मागू लागला, तर ते चित्र जाहिरात ठरू शकते. मुंबईत जाहिरातीला महापालिकेची परवानगी आणि शुल्क लागते, अधिनियमातले कलम ३२८-अ त्याबद्दल आहे. कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि एक छोटी आभाराची पाटी एवढ्यावर थांबणे चांगले. इमारत वारसा परिसरात असेल तर वारसा समितीच्या मान्यतेशिवाय बाहेरच्या दर्शनी भागाला हात लावू नका. वॉर्ड ऑफिसला आराखड्यासह पत्र देऊन पोच घेऊन ठेवा.

चित्रकाराशी करार करताना दोन गोष्टी सोसायट्या विसरतात. पहिली, स्वामित्वहक्क. चित्राचे पैसे दिल्यावर त्याचा हक्क कोणाकडे राहणार हे गृहीत धरू नका, ते करारात लिहून घ्या; हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. सोसायटीने फोटो कुठे वापरायचे आणि जाहिरातवाल्यांना परवानगी कोणी द्यायची, ते लिहा. मुंबईतल्या एका भित्तिचित्राचा फोटो विमा कंपनीने होर्डिंगवर वापरला म्हणून २०२३ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जाहिरात काढायला सांगण्यात आले. दुसरी गोष्ट, कलावंताचा विशेष हक्क. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकृतीची मोडतोड झाल्यास कलावंत दाद मागू शकतो. विज्ञान भवनातल्या अमरनाथ सहगल यांच्या ब्राँझ भित्तिशिल्पाच्या खटल्यात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला होता. तुमची इमारत काही वर्षांत पुनर्विकासाला जाऊ शकते. म्हणून ‘दुरुस्ती, पुनर्रंगकाम किंवा पुनर्विकासासाठी चित्र झाकणे वा पाडणे भाग पडल्यास ६० दिवसांची लेखी सूचना आणि छायाचित्रण करू देण्याची मुभा’ अशा अर्थाचे कलम घालून घ्या, आणि मसुदा वकिलाला दाखवा.

कामगारांचा विमा आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कंत्राटदाराने घेतलेला आहे, याची प्रत काम सुरू होण्याआधी हातात हवी. स्प्रे वापरणार असतील तर खाली उभ्या गाड्या हलवा किंवा झाका. वाऱ्यावर उडालेले शिंतोडे पलीकडच्या सोसायटीच्या गाड्यांवरही जातात, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

वेळ आणि नंतरची देखभाल

दसरा-दिवाळीच्या सुमाराला तपासणी, नोव्हेंबरात दुरुस्ती आणि प्लास्टर, जानेवारीत प्रायमर व तळाचा रंग, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत चित्र, असा क्रम मुंबईला बसतो. चित्राला स्वतःला दोन ते चार आठवडे पुरतात. मे महिन्यात सुरू केलेले काम पावसाच्या तोंडावर घाईने संपवले जाते, आणि घाईत नेमका तळाचा भाग, म्हणजे लोकांच्या नजरेसमोरचाच भाग, कच्चा राहतो.

नीट तयारी केलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर चित्र पाच-सहा वर्षे देखणे राहावे, उत्तरेच्या भिंतीवर त्याहून जास्त. कंपनीच्या वॉरंटीचा कागद वाचा. ओल, जुन्या प्लास्टरचे दोष आणि रंग फिका पडणे यांबद्दल त्यात काय वगळले आहे, ते पाहा. पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात भिंत दुर्बिणीने पाहून प्रत्येक डागाची जागा फोटोवर लिहून ठेवा. नवा फोड दिसला तर आधी त्याच्या मागच्या घरातली ओल बघायची, मग रंग. प्रत्येक छटेचा कोड, बॅच नंबर आणि मूळ आराखडा फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येकी अर्धा-एक लिटर रंग घट्ट झाकून, सावलीत, नाव लिहून जपा. दोन-तीन वर्षांत तो डब्यातच खराब होईल. तोवरच्या डागडुजीला तो लागतो, त्यानंतर कोड सांगून नवा मिसळून घ्यायचा. पण नवा रंग थेट जुन्याशेजारी लावू नका, भिंतीवरचा तोपर्यंत उन्हाने फिका झालेला असतो. छोटा नमुना लावून, वाळल्यावर रस्त्यावरून पाहून छटा थोडी हलकी करा आणि ठिगळ नेहमी आकाराच्या नैसर्गिक कडेपर्यंत, पान असेल तर पूर्ण पान, असे रंगवा.